शिकवणीपेक्षा सोबत मोठी

भिवंडीच्या यंत्रमागांवर राबणारी असंख्य कुटुंबं आझमगढ, मऊ, बिहारकडून आलेली आहेत. त्यांच्या मुलांच्या घरात भोजपुरी किंवा अवधी, वर्गात उर्दू आणि तहसील कचेरीत मराठी. शिक्षण हक्क कायद्याचं छत्र सहा ते चौदा वयापुरतं. नववीत मूल त्याखालून बाहेर येतं, आणि नेमकं तेव्हाच मुलाला कांडी भरायला पाठवायचं, मुलीला घरी बसवायचं, असं बोलणं सुरू होतं.

आमच्याकडे तीन वर्षांपासून एक साधं काम चालू आहे. याच वस्तीतून कॉलेजात गेलेला एकेक मुलगा किंवा मुलगी नववी-दहावीतल्या तिघांना सांभाळते. दर रविवारी दोन तास. मुलं त्यांना भाई, बाजी म्हणतात. शिकवणी फारशी होत नाही. गप्पा होतात, फॉर्म भरले जातात, कधी बाजी घरी जाऊन अम्मीची समजूत काढून येते.

एक मुलगी 'पाणी'ला 'पानी' आणि 'बाळ'ला 'बाल' म्हणायची. वर्ग हसायचा, म्हणून तिने बोलणंच सोडलं होतं. बाजीने तिच्यापुढे सरकारी कागद ठेवला. अर्ज, दाखला, तारीख, रक्कम, वारस. "यातले तुझ्या ओळखीचे किती?" सगळेच! आज ती अकरावीत आहे आणि वाढीव वीजबिलाची तक्रार स्वतः मराठीत लिहिते. 'ळ' अजून अडखळतो, ती मात्र थांबत नाही.

दुसरा मुलगा अन्सारी. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. त्याचे अब्बा आले नव्वदच्या दशकात. हे बारावीनंतर कळलं असतं तर तो खचला असता. भाईने दहावीतच सांगितलं, कारण भाईचं स्वतःचं एक वर्ष या कागदापायी गेलं होतं. मुलगा आठवडाभर रागावला, मग खुल्या जागेचा हिशोब धरून अभ्यासाला बसला.

काही जण विचारतात, मग शिक्षक कशाला? मी स्वतः शिक्षक आहे. साठ मुलांच्या वर्गात मी धडा पोहोचवू शकतो, प्रत्येकाच्या घरापर्यंत पोहोचू शकत नाही. शिवाय माझ्याकडे पाहून मुलाला 'सर' दिसतात. भाईकडे पाहून त्याला चार वर्षांनंतरचा तो स्वतः दिसतो.

दहावीचा निकाल लागला की आपल्या संस्था सत्कार करतात, ट्रॉफ्या वाटतात. चांगलंच आहे. पण नववीतून गळालेल्यांची यादी कोण काढतं? ट्रॉफीच्या खर्चात वर्षभराचं रिक्षाभाडं आणि चहा सहज निघेल. यंदा प्रत्येक अंजुमनने जवळच्या उर्दू हायस्कुलात जाऊन ती यादी मागावी, आणि मोहल्ल्यातल्या कॉलेजच्या मुलामुलींना त्यातली तीन-तीन नावं द्यावीत.