मत हे बक्षीस नव्हे

‘बाईच बाईची वैरी’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण मेरी वॉर्ड यांच्याविषयी वाचताना ते वाक्य माझ्याही ओठांवर आलं, हे कबूल करते.

‘मिसेस हम्फ्री वॉर्ड’ या नवऱ्याच्या नावाने लिहिणाऱ्या या इंग्रज कादंबरीकार. १८८८ सालच्या ‘रॉबर्ट एल्समिअर’मुळे गाजलेल्या. ऑक्सफर्डमध्ये मुलींसाठी सॉमरव्हिल उभं करण्यात त्यांचा हात होता. लंडनच्या गरीब मुलांसाठी त्यांनी खेळकेंद्रं चालवली. आणि याच बाई १९०८ साली स्त्री-मताधिकाराविरोधी संघटना काढण्यात पुढे होत्या! त्यांचं म्हणणं असं: शाळा, स्थानिक कारभार बायकांनी जरूर पाहावा, पण साम्राज्य, सैन्य, युद्ध हा बळाचा मामला. ज्या लढू शकत नाहीत त्यांना तिथे मत कशाला?

मग महायुद्ध आलं. १९१६ मध्ये सरकारने त्यांना दारूगोळ्याचे कारखाने दाखवले, फ्रान्समध्ये आघाडीजवळ नेलं. अमेरिकेचं मन वळवायला त्यांनी ‘इंग्लंड्स एफर्ट’ लिहिलं. त्यात तोफगोळे घडवणाऱ्या बायकांचं कौतुक आहे. मताला विरोध मात्र कायम. बायकांचे हात हवेत, तोंड नको!

आपण यावर काय उत्तर देतो? ‘बायका युद्धात राबल्या, म्हणून त्यांना मत मिळालं.’ मैत्रिणींनो, माझं खरं भांडण या उत्तराशी आहे. कारण हा तर वॉर्डबाईंचाच हिशोब: जो लढाईच्या कामी येईल त्याला हक्क. मग म्हातारी, अपंग, युद्धाला ठाम नकार देणारी बाई कुठे जाणार? शिवाय ते खरंही नाही. १९१८च्या कायद्याने मत दिलं ते तिशीच्या पुढच्या, मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना. कारखान्यांत राबलेल्या कितीतरी तरुण पोरी १९२८ पर्यंत बाहेरच राहिल्या.

आणि वॉर्डबाईंना तरी काय मिळालं? हिंदुस्थानचा माजी व्हाइसरॉय कर्झन त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. लॉर्डांच्या सभागृहात ऐन वेळी त्यानेच कच खाल्ली. सत्तेने बाईची लेखणी वापरली आणि बाजूला ठेवली.

युद्धाचे नगारे वाजले की आपल्याही त्यागाचे गोडवे गायले जातात. त्या वेळी आपण हुरळून जायचं नाही. हक्क आहे तो माणूस म्हणून. त्यासाठी तोफगोळे मोजून दाखवायची गरज नाही.