प्रतिकृती कुणाकडून घ्यावी?

आमचे एक स्नेही गेली तीस वर्षे इंग्लंडात राहतात. आता निवृत्त झाले आहेत. एसी कोब्रा या जुन्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गॅरेजात उभी करावी, ही त्यांची जुनी हौस. अशा गाडीचे सुटे भाग विकणाऱ्या कंपन्या तिकडे बऱ्याच आहेत. त्यांपैकी कोणती निवडावी, हे त्यांनी आम्हाला विचारले. आम्हाला गाडीतले ओ की ठो कळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. “मूळ संहिता आणि भाषांतर यांवर तुम्ही एवढे लिहिता, मग हेही सांगा,” असे त्यांचे म्हणणे. आम्हाला हसू आले. पण पुढचे वाक्य ऐकून ते ओसरले. पूर्वी एका कंपनीकडून घेतलेले किट अर्धवट आले आणि उरलेले भाग पोहोचण्याआधीच कंपनी बुडाली. तो सांगाडा अजून गॅरेजात आहे. वहिनी त्यावर कपडे वाळत घालतात. “आता दुसऱ्यांदा चुकायला वय उरलेले नाही,” स्नेही म्हणाले.

तेव्हा प्रश्न गंभीरपणे घेतला पाहिजे. प्रतिकृती म्हटली की आपण पहिल्यांदा विचारतो, मुळाशी किती जुळते? पण या गाडीचे ‘मूळ’ तरी कोठे आहे? १९६२ मध्ये कॅरल शेल्बी या अमेरिकन गृहस्थांनी टेम्स डिटनच्या एसी कंपनीच्या ‘एस’ या गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवले आणि कोब्रा जन्मली. ‘एस’ १९५३ ची. तिचा आराखडा जॉन टोजेरो यांच्या गाडीवरून घेतलेला, आणि त्या गाडीचे रूप फेरारीच्या ‘बार्केटा’ची आठवण करून देणारे. म्हणजे इटालियन वळण, इंग्रजी हात आणि अमेरिकन हृदय. आपण जिला अस्सल म्हणतो ती स्वतःच एक यशस्वी कलम आहे. १९६० च्या दशकात अशा जेमतेम हजारभर गाड्या झाल्या. त्यांतली पहिली २०१६ च्या लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना गेली. ज्याला ती चालवायची आहे, नुसती जपून ठेवायची नाही, त्याच्यापुढे प्रतिकृतीखेरीज वाट नाही. त्यात लाजण्यासारखे आम्हाला काही दिसत नाही.

मग निवड कशावर करावी? आमच्या मते बाह्य रूपावर तर मुळीच नाही. मूळ गाडीचे अंग ॲल्युमिनियमचे, हाताने ठोकून घडवलेले. प्रतिकृतींचे बहुधा फायबरग्लासचे. ती वळणे आज कुणालाही साच्यातून काढता येतात, आणि जाहिरातीतल्या चित्रात सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात. भाषांतरातही शब्दाला शब्द जुळवणे सोपे असते. वाक्य उभे राहते की कोसळते, हे आतल्या रचनेवर ठरते. गाडीत ती रचना म्हणजे चॅसिस, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग. रंगाखाली झाकलेले हे भाग जो निर्माता आपण होऊन, वाकून दाखवतो, त्याच्याकडे आधी जावे.

दुसरा प्रश्न : आपल्यावर काय सोपवले आहे? दक्षिण आफ्रिकेत तयार होणारी सुपरफॉर्मन्स रंगरंगोटीसह जवळजवळ पूर्ण येते. तिला इंजिन आणि गिअरबॉक्स तेवढे बसवायचे. काही किटे एखादी जुनी गाडी मोडून तिचे भाग वापरायला सांगतात. ती वरवर स्वस्त दिसतात. पण इंजिन, चाके, रंग आणि गंजलेले बोल्ट सोडवण्यात गेलेले महिने यांचा हिशेब किटाच्या किमतीत नसतो. हा हिशेब आधीच, लेखी देणारा निर्माता विरळा, आणि म्हणूनच मोलाचा.

तिसरी गोष्ट पुस्तिकेची. पूर्वी इंग्लंडात तयार गाडीवर विक्रीकर असे, सुट्या भागांवर नसे; मात्र जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती. तेव्हा लोटस सेव्हनबरोबर गाडी ‘खोलण्याच्या’ सूचना मिळत आणि ग्राहक त्या उलट क्रमाने वाचत, असे सांगितले जाते. १९७३ मध्ये करपद्धती बदलली आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. आज उलट वाचायला लावणाऱ्या पुस्तिकेचे कौतुक करण्याचे कारण नाही. गाडी रस्त्यावर आणण्याआधी ‘आयव्हीए’ ही सरकारी तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते. ब्रेक, दिवे, पट्टे एवढेच नव्हे, तर बाहेरच्या कडांची गोलाईसुद्धा मोजली जाते. म्हणून निर्मात्याला विचारावे : तुमच्या किती गाड्या उत्तीर्ण झाल्या, आणि त्यांच्या मालकांशी आम्हाला बोलता येईल काय? उत्तराला टाळाटाळ झाली, तर परत फिरावे. आणि सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. आमच्या स्नेह्यांनी हा धडा महागात घेतला आहे.

शेवटची कसोटी नावाची. २००० साली शेल्बींनी अमेरिकेच्या फॅक्टरी फाइव्ह कंपनीवर नावाच्या वापरावरून दावा लावला. तो तडजोडीने मिटला. आज ती कंपनी आपली गाडी ‘रोडस्टर’ अशा साध्या नावाने विकते आणि ग्राहक कमी झालेले दिसत नाहीत. भाषांतरकाराने मुखपृष्ठावर आपले नाव घालावे, तसे हे आहे. जो निर्माता ‘ही आमची गाडी, त्या गाडीवरून केलेली’ असे सरळ म्हणतो, तो उद्या बिघाड झाल्यावरही आमचीच म्हणेल, अशी आशा धरता येते. जो ‘कुणाला ओळखूही येणार नाही’ असे कानात सांगतो, त्याचा दोष पुढे कुणाच्या माथी जाईल, हे सांगायला नको.

आमच्या स्नेह्यांनी अजून मागणी नोंदवलेली नाही. पुढच्या महिन्यात ते एका गृहस्थांनी बांधून पूर्ण केलेली गाडी पाहायला जाणार आहेत. आम्ही त्यांना एवढेच कळवले : बसून पाहण्याआधी खाली वाकून पाहा, आणि जुना सांगाडा विकला, तर वहिनींना कपड्यांसाठी दोरी बांधून द्या.