पत्रिका सोडली, नक्षत्रे का सोडायची?



आपल्या समाजाने पत्रिका सोडली, हे फार चांगले झाले. मुलीचे लग्न ठरवताना आपण छत्तीस गुण जुळवत बसत नाही. मूल जन्मले की घटका-पळे लिहून कुणाच्या दारात जात नाही. परंतु या सोडण्यात एक गोष्ट नकळत आपल्या हातची गेली, ती म्हणजे आकाशाची ओळख. आपले आजोबा शेतावर राबत होते, तेव्हा त्यांना रोहिणी, मृग, आर्द्रा ही नावे पाठ होती. नागपूरच्या वस्तीत वाढलेल्या नातवाला आज मृग कोणता, हे बोटाने दाखवता येत नाही. नक्षत्रे काही ज्योतिष्याच्या मालकीची नाहीत. मग पत्रिकेबरोबर ती का सोडायची?

यावर आमचे वाचक म्हणतील, "अहो, नागपुरात तारे दिसतात कुठे?" हा प्रश्न खरा आहे. इंदोरा असो, इमामवाडा असो की पाचपावली, रात्री गच्चीवर उभे राहिले तर आकाश काळे दिसत नाही, राखाडी-पांढरट दिसते. रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या पाट्या आणि लग्नाच्या लॉनवरचे झोत यांचा उजेड वर जातो, हवेतील धूळ-धुरावर पसरतो आणि काही परत खाली येतो. यालाच प्रकाशप्रदूषण म्हणतात. तारे कुठे गेलेले नसतात. पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या खडूने लिहिले तर अक्षर असूनही वाचता येत नाही, तशी त्यांची गत होते. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा प्रकाश मोजक्याच रंगांचा होता. भिंगापुढे गाळणी, म्हणजे फिल्टर लावून तो बराच अडवता येई. आताच्या एलईडी दिव्यांचा पांढरा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्यामुळे तो तसा अडवता येत नाही.

तरीही याच गच्चीवरून, साध्या कॅमेऱ्याने, डोळ्यांना न दिसणारे आकाश कागदावर उतरवता येते. जगभर हजारो हौशी माणसे शहरातील घरांतून हे काम करतात. त्यात पैशापेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि चिकाटी आपल्या घरांत कमी नाही. म्हणून आज त्याची रीत सांगण्याचे आम्ही योजले आहे.

सुरुवात मृगापासूनच करावी. जूनमध्ये मृग लागला की पेरणीची घाई होते, परंतु त्या दिवसांत सूर्य त्याच दिशेला असल्यामुळे मृग रात्री दिसत नाही. तो पाहायचा हिवाळ्यात. जानेवारीच्या मध्यास रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून वर पाहा. चार ठळक तारे म्हणजे मृगाचे चार पाय. त्यांच्या मधोमध तीन तारे एका ओळीत दिसतात, तो बाण. एवढे नागपुरातूनही नुसत्या डोळ्यांनी दिसते. बाणाच्या खाली फिकट ताऱ्यांची एक लहान उभी रांग आहे. तिच्या मधला ठिपका नुसता तारा नाही. तो वायू आणि धुळीचा प्रचंड ढग आहे, आणि त्यात आजही नवे तारे जन्मत आहेत. त्याला तेजोमेघ म्हणतात. तो सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज आपल्या गच्चीवर पोचणारा त्याचा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा ह्युएनत्संग भारत पाहून चीनला परतल्याला जेमतेम तीसेक वर्षे झाली असतील.

आता कॅमेऱ्याचे बघू. नवा विकत घेण्याची घाई करू नये. आपल्या मोहल्ल्यात लग्नाचे फोटो काढणारा एखादा तरुण असतोच. ज्या रात्री त्याला काम नसेल, त्या रात्री त्यालाच कॅमेऱ्यासह गच्चीवर बोलवावे. त्याच्याकडे पन्नास मिलिमीटरचे भिंग आणि तिपाई बहुधा असते. भिंग जास्तीत जास्त उघडावे. फोटो 'रॉ' स्वरूपात ठेवावा, आयएसओ ८०० किंवा १६०० ठेवावा. जवळच चमकणाऱ्या व्याधाच्या ताऱ्यावर हाताने फोकस करावा आणि कडे हलू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावावी.

फोटो किती सेकंदांचा काढायचा? पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे सरकतात. फार वेळ भिंग उघडे ठेवले तर ताऱ्याची रेघ होते. यासाठी हौशी मंडळींचा एक ढोबळ हिशोब आहे. ५०० ला भिंगाच्या मिलिमीटरने भागावे, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असेल तर आलेले उत्तर आणखी दीडने भागावे. पन्नासच्या भिंगाला असे साडेसहा सेकंद येतात. आपण पाच धरावेत. पाच सेकंदांच्या एका फोटोत मात्र तेजोमेघ धड दिसत नाही. राखाडी पडदा आणि त्यावर रवाळ कण, एवढेच दिसते. नवखी मुले इथेच निराश होतात. खरे काम इथूनच सुरू होते.

असे सहाशे फोटो काढायचे. कॅमेऱ्यात आपोआप फोटो काढण्याची सोय असते, नसेल तर त्यासाठी लहान यंत्र मिळते. दर दहा मिनिटांनी मृगाला पुन्हा चौकटीच्या मध्ये घ्यायचे. मग संगणकावर हे सहाशे फोटो ताऱ्यावर तारा बसवून एकमेकांवर रचायचे आणि त्यांची सरासरी काढायची. हे काम सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही संगणक-सॉफ्टवेअरे करतात, आणि दोन्ही फुकट मिळतात. फोटोंना पंधराएक जीबी जागा लागेल. घरी संगणक नसेल तर विहाराच्या वाचनालयात किंवा कुणा शिकणाऱ्या मुलाकडे असेल.

सरासरीने काय होते, हे आमच्या माता-भगिनींना दुकानाच्या उदाहरणावरून चटकन कळेल. समजा, वजनकाट्याचा काटा सारखा हलतो आहे. एकदा मोजले तर थोडे जास्त भरते, दुसऱ्यांदा थोडे कमी. तेच धान्य शंभर वेळा मोजून सरासरी काढली, तर चुका एकमेकींना खातात आणि खरे वजन हाती येते. फोटोतील रवाळ कण म्हणजे हा हलणारा काटा. शंभर फोटो रचले की तो दहापट कमी हलतो, चारशे रचले की वीसपट, सहाशे रचले की सुमारे चोवीसपट. तेजोमेघ मात्र प्रत्येक फोटोत एकाच जागी असतो, त्यामुळे तो टिकतो आणि उठून दिसू लागतो.

शहराच्या उजेडाचे काय? तो बारदानासारखा आहे. पोत्यासकट धान्य मोजले तरी बारदानाचे वजन वजा करता येते. तसा आकाशभर पसरलेला उजेड संगणकावर वजा करता येतो. फक्त एवढेच की बारदान जड असेल तर काटा जास्त हलतो, आणि ते हलणे वजाबाकीने जात नाही. त्याला उपाय एकच, आणखी फोटो. खेड्यातल्या काळ्या आकाशाखाली ज्या कामाला अर्धा तास लागेल, त्याला शहरात अनेक रात्री लागतात. त्या लागू द्याव्यात. वेगवेगळ्या रात्रींचे फोटोही एकत्र रचता येतात.

आणखी दोन लहान कामे आहेत. शेवटी भिंगावर झाकण लावून तेवढ्याच सेकंदांचे वीस-तीस काळे फोटो काढावेत. कॅमेरा तापल्याने जे खोटे ठिपके येतात ते यातून कळतात आणि वजा होतात. नागपूरच्या मे महिन्यात हे ठिपके फार वाढतात, म्हणूनही हिवाळा बरा. दुसरे म्हणजे पहाटे भिंगावर पांढरा सुती कपडा ताणून उजळलेल्या आकाशाचे वीस फोटो काढावेत. भिंगावरची धूळ आणि कोपऱ्यांतला अंधार त्यांच्या मदतीने काढून टाकता येतो.

या तेजोमेघाचा पहिला फोटो अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी काढला. त्यासाठी त्यांनी दुर्बिणीतून सुमारे ५० मिनिटे प्रकाश साठवला होता. आपले पाच-पाच सेकंदांचे सहाशे फोटो म्हणजेही बरोबर ५० मिनिटे होतात. त्यांच्यापाशी स्वतःची वेधशाळा होती, आपल्यापाशी गच्ची आहे.

लहान साधनाने मोठे काम होते, याचा दाखला आपल्या विदर्भातच घडला आहे. पुलगावहून बडनेऱ्याकडे रेल्वेने निघालो की लगेच तळणी स्टेशन लागते. २२ जानेवारी १८९८ रोजी तिथे खग्रास सूर्यग्रहण पाहायला विलायतेहून एक मंडळी आली होती. त्यांत ॲनी माँडर नावाच्या बाई होत्या. त्या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकल्या, परंतु त्या काळी तिथे स्त्रियांना पदवी देत नसत. मग ग्रीनिचच्या वेधशाळेत महिना चार पौंडांवर आकडेमोड केली. १८९५ साली लग्न झाले आणि नियमाप्रमाणे ती नोकरीही सोडावी लागली. अशा बाईंनी तळणीला दीड इंच भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा फोटो काढला. त्यात तोवर कुणाच्याच फोटोत आला नव्हता इतका लांब आणि फिका झोत उमटला. पदवी नाकारली, नोकरी गेली, तरी मोजमाप कुणाला हिरावून घेता आले नाही. आमच्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

मुलींचा विषय निघाला म्हणून सांगतो. काळोख्या जागी तारे पाहायला जायचे तर गाडी लागते, पैसा लागतो आणि रात्रभर घराबाहेर राहावे लागते. कामगाराच्या मुलीला हे सहज जमत नाही. घरची गच्ची तिला जमते. आई स्वेटर घालून शेजारी बसली आणि दहा-दहा मिनिटांनी दोघींनी मिळून कॅमेरा सरकवला, तर तेवढे पुरे.

आणि हे काम करायची सर्वांत उत्तम रात्र कोणती? अमावास्येची. पौर्णिमा आपल्याला प्रिय आहे, परंतु चंद्राच्या उजेडातही फिके तेजोमेघ बुडतात. अमावास्येच्या मागे-पुढे चार-पाच रात्री आकाश त्यातल्या त्यात काळे असते. आपल्याही काही घरांत अजून अमावास्येला मुलांना बाहेर पाठवत नाहीत, नवे काम काढत नाहीत. ही भीती कुठून आली आणि अजून का टिकली, याचा विचार त्या घरांनी करावा. तोवर मुलांना कॅमेरा देऊन अमावास्येलाच गच्चीवर पाठवावे.

फोटो तयार करताना एक पथ्य पाळावे. संगणकावर उजेड ताणून फिके ते ठळक करणे योग्य आहे, कारण ते मुळात फोटोत असते. मात्र जे फोटोत नाही ते वरून रंगवू नये. आजकाल यंत्र स्वतःच चित्र बनवून देते, ते आपले म्हणून मिरवू नये. फोटोखाली किती फोटो रचले, किती सेकंदांचे, कुठून आणि कोणत्या रात्री, हे लिहावे. म्हणजे दुसऱ्याला तसेच करून खरे-खोटे तपासता येते. पत्रिकेत नेमके हेच करता येत नाही.

आता दिव्यांबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. वस्तीत रस्त्यावर एक दिवा लागावा म्हणून किती अर्ज द्यावे लागतात, किती खेटे घालावे लागतात, हे आम्ही जाणतो. रात्रपाळीहून येणाऱ्या माणसाला आणि उशिरा परतणाऱ्या मुलीला उजेड हवाच. ताऱ्यांसाठी दिवे विझवा, असे आम्ही कधीच म्हणणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की दिव्याने रस्ता उजळावा, आकाश उजळून काय उपयोग? वर जाणारा उजेड म्हणजे वाया गेलेली वीज. हे करून दाखवलेले ठिकाण आपल्याच जिल्ह्यात आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभरावर दिवे बदलून खाली तोंड असलेले लावले गेले. गावे अंधारात गेली नाहीत आणि आकाशही राहिले. वाघ पाहायला आलेल्या पाहुण्यांना जे मिळते ते वस्तीतल्या मुलांना का मिळू नये? यापुढे दिव्यासाठी अर्ज लिहाल तेव्हा त्यात एक ओळ वाढवा: "दिव्याला वरून टोप असावा व उजेड खाली पडावा."

ज्यांना आधी ओळख करून घ्यायची आहे त्यांनी गांधीसागर तलावाजवळच्या रमण विज्ञान केंद्रातील तारांगणात मुलांना एकदा घेऊन जावे. मग येणाऱ्या हिवाळ्यात, अमावास्येच्या आसपासच्या एखाद्या कोरड्या रात्री गच्चीवर चढावे. घरात आजोबा-आजी असतील तर त्यांनाही वर घ्यावे. मृग कुठे आहे ते त्यांना सांगता येईल. कॅमेरा नातवंडे सांभाळतील.