तोंड झाकून हल्ला? कायदा म्हणतो, आधी अंधार पडू द्या!



महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951, कलम 122 वाचा. गुन्ह्याच्या इराद्याने तोंड झाकलेला किंवा वेषांतर केलेला माणूस सापडला तर त्याला शिक्षा आहे. पण केव्हा सापडला तर? सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात! दुपारी चार वाजता हेच कलम लावायला जा, लागत नाही.

1951 साली चोर रात्री येत असेल. आता क्लास सुटायच्या वेळेला फाटकासमोर मोटारसायकल उभी असते. नंबर प्लेट वर दुमडलेली, दोघांच्याही नाकापर्यंत रुमाल, मागच्याला गॉगल. मुलगी चालू लागली की गाडी पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागोमाग. धीर करून ती चौकीत गेलीच, तर पहिला प्रश्न येतो, "वर्णन सांगा." काय सांगणार ती? काळा रुमाल, निळा शर्ट. ओळख परेडीत रुमाल उभा करणार आहात का?

पाठलागाला कलम आहे, जबरी चोरीला आहे, दंगलीलाही आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. पण रागाच्या भरात हात उचलणारा रुमाल बांधत बसत नाही. घरून तयारी करून निघालेला बांधतो. गुन्हा करतानाच तो साक्षीदाराचे डोळे काढून घेतो. 5 जानेवारी 2020 च्या संध्याकाळी दिल्लीच्या जेएनयूत तोंडे बांधलेले टोळके काठ्या आणि लोखंडी गज घेऊन वसतिगृहात शिरले. ते टोळके कोणाचे, यावर देशभर वाद झाला. चेहरे उघडे असते तर वादाला जागाच उरली नसती.

आणि चेहरा लपवण्याला वेगळी शिक्षा हवी, ही मागणी काही जगावेगळी नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम 351(4) पाहा. निनावी पत्राने किंवा नाव-ठिकाण लपवून धमकी दिली, तर धमकीच्या मूळ शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे नाव लपवले तर वाढीव शिक्षा, आणि दिवसाढवळ्या चेहरा लपवून प्रत्यक्ष कोयता उगारला तर त्या लपवण्याचे काहीच नाही! हा कुठला न्याय?

काही उत्साही मंडळी म्हणतील, सरसकट बंदीच घाला. त्यांना आमचा साफ विरोध आहे. उन्हाधुळीत स्कार्फ बांधून गाडी चालवणारी मुलगी गुन्हेगार नाही. हेल्मेट तर कायद्यानेच सक्तीचे केले आहे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाडा उत्सवात रात्रभर मुखवटे नाचतात, तेही नेमके सूर्यास्तानंतर. तिथे कलम 122 लागत नाही, कारण गुन्ह्याचा इरादा नाही. कुणी बुरखा घेते, कुणी दवाखान्यातून मास्क लावून येते, तर मोर्चातला एखादा कामगार मालकाच्या भीतीने तोंड झाकतो. यांच्या वाटेला कुणी जायचे नाही. हाँगकाँगच्या सरकारने ऑक्टोबर 2019 मध्ये आंदोलकांचे मास्क बंद केले आणि काही महिन्यांतच कोरोनामुळे त्याच सरकारने मास्क सक्तीचे केले. इरादा न पाहता कापडावर बंदी घातली की असे हसे होते.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याने 1951 मध्येच, आपला पोलीस कायदा झाला त्याच वर्षी, मुखवटाबंदी केली. निशाणा होता कु क्लक्स क्लान, पांढरी टोपडी घालून कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारी टोळी. 1990 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला, पण त्याचा अर्थ आवळून घेतला: ओळख लपवण्याचा हेतू हवा आणि समोरच्याला धाक वाटेल अशी परिस्थितीही हवी. कॅनडाने 2013 मध्ये दंगलीत तोंड झाकणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद ठेवली. शिक्षा आम्हाला जरा जास्तच वाटते, पण तिथेही आधी दंगल सिद्ध करावी लागते.

तेव्हा कलम 122 मधल्या तोंड झाकण्याच्या तरतुदीची सूर्यास्ताची अट काढा. ते विधानसभेच्या हातात आहे. गुन्ह्याचा इरादा सिद्ध करण्याची अट मात्र जशीच्या तशी ठेवा, नाहीतर उद्या नाक्यावरचा शिपाई स्कार्फ सोडायला लावून चिरीमिरी मागेल. आणि मारहाण, पाठलाग, लूट किंवा दंगल करताना चेहरा लपवला असेल तर 351(4) च्या धर्तीवर वाढीव शिक्षा देण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

हिवाळी अधिवेशनाला आमदार नागपूरला निघण्याआधी त्यांना पत्र द्या. पत्रात कलम 122 चा आकडा लिहा, खाली आपले पूर्ण नाव-गाव लिहा, आणि पोच घ्यायला विसरू नका.