काळवीट आमच्या गावात कधी आला?

आमच्या ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात एक जाडजूड वही आहे. वर लिहिलंय, ‘लोकजैवविविधता नोंदवही’. शाळेतून निवृत्त झाले, हाताला वेळ मिळाला, म्हणून गेल्या पावसाळ्यात मी ती मागून आणली आणि ओटीवर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. गावातल्या प्राण्यांच्या यादीत तिसरं नाव होतं काळविटाचं.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीतलं. काळविटाला लागतं मोकळं माळरान. इथे तो आलाच तर पहिल्याच उतारावर घसरेल बिचारा. उलट ज्यांची नावं हवी होती, त्यांचा पत्ता नाही. पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे मासे नाहीत, पऱ्ह्यातले खेकडे नाहीत, भातकापणीत पेंढ्याखाली सापडणारा विंचू नाही.

असं का झालं असेल, याचा अंदाज करता येतो. जैवविविधता कायदा २००२ चा. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती हवी आणि तिने गावाला विचारून ही नोंदवही करायची. माधव गाडगीळांसारख्यांनी ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला, ती हीच: गुराखी, मासेमार, जंगलात रानभाज्या खुडणाऱ्या बाया यांचं ज्ञान कागदावर यावं. पण वर्षानुवर्षं काम रेंगाळलं. मग हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, वर दंडाची तंबी. दंड चुकवायला लिहिलेल्या वहीत काळवीट शिरला तर नवल नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. एखाद्या प्राण्याबद्दल गावाने कसं शिकावं, हे आमच्या शेजारच्या महाडला ठाऊक आहे. माझ्या लहानपणी आळीत विंचू उतरवणारे एक आजोबा होते. विंचू चावला की पोर त्यांच्याकडे. बरीच बरी व्हायची, काही रात्रीत जायची. लाल विंचवाचं विष भिनलं की माणूस घामाने निथळतो, हातपाय गार पडतात, छातीत पाणी भरतं. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. त्यांनी या रुग्णांच्या उशाशी बसून टिपणं काढली. १९८२ मध्ये ती थेट ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी गोळी त्यांनी वापरात आणली आणि जिथे विष चढलेल्या शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, तिथे एखाद-दुसरा दगावू लागला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याआधीचं. जे इथे घडतं ते इथे बसून कुणीतरी लिहून ठेवलं, आणि लिहिलेलं पुन्हा घरोघर पोचलं. आज आमच्या वाडीतली आई पोराला उचलते ती थेट दवाखान्यात नेते.

हीच रीत गिधाडाला लावा. महाडच्या सीस्केप संस्थेने, प्रेमसागर मेस्त्री आणि त्यांच्या सोबत्यांनी, म्हसळ्याच्या चिरगावात गावकऱ्यांना बरोबर घेऊन गिधाडांसाठी काम केलं. आमच्या बाजूला नाणेमाचीच्या कड्यावरही गिधाडांची घरटी. पण गिधाड वाचवायचं म्हणजे करायचं काय, हे गोठ्यापर्यंत पोचलंय का? मेलेल्या गुरात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक उरलेलं असलं की ते मांस खाऊन गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. मादी वर्षाला घालते एकच अंडं, म्हणून झालेली घट भरायला पिढ्या जातात. गुरांसाठी हे औषध २००६ मध्ये बंद झालं, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅकही. मेलॉक्सिकॅम चालतं. तेव्हा बैलाला सुई टोचताना शेतकऱ्याने विचारायचं, ‘डॉक्टर, यात काय आहे?’ गिधाडाचा धडा म्हणजे हा एक प्रश्न.

सावित्रीतल्या मगरींचंही तसंच. आपली जुनी रीत ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ म्हणत वेळ मारून नेण्याची. त्यापेक्षा थंडीत ती सकाळी कुठल्या काठावर ऊन खाते, उन्हाळ्यात अंडी कुठे घालते, पावसाच्या तोंडाला पिल्लं निघतात तेव्हा कुठल्या घाटावर धुणं न्यायचं नाही, हे पोरांना ठाऊक असलेलं बरं. आणि कोंबडीची आतडी काठावर फेकली की मगर तिथे येणारच, हे मोठ्यांना.

शाळेत आम्ही काय केलं? तेहतीस वर्षं दर ऑक्टोबरात, १ ते ७ तारखेच्या वन्यजीव सप्ताहात, मुलांकडून वाघ काढून घेतले. मीही घेतले. पट्टे छान यायचे. त्या वाघांपैकी एकानेही वणवा विझवला नाही. राब भाजताना आग बांधाबाहेर गेली तर काय करायचं, हे मी एकदाही फळ्यावर लिहिलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नोंदवही कपाटातून काढा आणि गावच्या शाळेत ठेवा. मुलांनी महिन्याला एक पान लिहावं, घरच्या म्हाताऱ्यांना विचारून. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. त्या दिवशी ती पानं मोठ्याने वाचावीत, चुकलं तिथे लोकांनी बोलावं. शिक्षकांना कामं कमी आहेत का, असं कुणी विचारेल. कमी नाहीत. पण माहिती भरण्याच्या ज्या कामांत आमचे तास जातात, त्यांतलं एक काढून हे द्या.

गेल्या ग्रामसभेत मी काळविटाची गोष्ट काढली. सगळे हसले. मग धनगरवाडीतले एक आजोबा उठले. म्हणाले, “बाई, त्याला ऱ्हाऊ द्या. गिधाडं लिवा. आमचा बैल मेला तवा पन्नासेक उतरली व्हती. धाकट्याच्या लग्नाच्या वर्षी म्हस मेली, एक बी आलं न्हाई.” धाकट्याचं लग्न कधी झालं, यावर मागे बसलेल्या बायांनी पाच मिनिटं वाद घातला आणि वर्ष ठरवलं.

त्या वहीत लिहायचा अधिकार मला नाही. तिसऱ्या नावाशेजारी, समासात, मी ते वर्ष पेन्सिलीने लिहून ठेवलंय.