परागकोशांतील दाई

गेल्या अंकांत आपण फुलांतील स्त्रीकेसराची ओळख करून घेतली. आतां पुंकेसराकडे वळूं. श्रावणी सोमवारीं पूजेकरितां आणलेल्या धोत्र्याच्या फुलांत उमलण्यास अवकाश असलेली एखादी कळी सांपडल्यास ती वेगळी काढावी. आंत पांच पुंकेसर दिसतील. प्रत्येकाच्या टोकाशीं जो लांबट भाग असतो, तोच परागकोश. तो पात्यानें आडवा कापून भिंगाखालीं पाहिल्यास त्यांत चार कप्पे आढळतात. धोत्रा विषारी आहे. म्हणून मुलांनीं हें काम वडील माणसांदेखतच करावें व मागाहून हात स्वच्छ धुवावे.

या कप्प्यांत परागांच्या मातृपेशी असतात. एक मातृपेशी दोनदां विभागून तिच्या चार पेशी होतात, व प्रत्येकीच्या वांट्यास मातेच्या निम्मींच गुणसूत्रें येतात. पुढें स्त्रीबीजाशीं संयोग झाला म्हणजे ती संख्या पूर्ववत् होते. हीं चार भावंडें प्रथम एका जाड वेष्टनांत कोंडलेलीं असतात. त्यांची सुटका करणारा थर कप्प्याच्या आंतल्या बाजूस असतो. त्यास पोषकस्तर म्हणावें. तो पाचक रस सोडून वेष्टन विरघळवितो, परागकणांस अन्न पुरवितो, त्यांवर टणक कवच चढवितो, आणि काम संपतांच स्वतः विरून जातो. तें कवच इतकें चिवट कीं, तळ्यांच्या गाळांत हजारों वर्षांपूर्वींचे पराग अद्याप ओळखूं येतात. शेवटीं कोश वाळून उकलतो व पराग बाहेर पडतात.

या दाईची वेळ मात्र चुकतां कामा नये. पिटुनियाच्या कांहीं वाणांत तो रस अकालीं स्रवतो आणि पराग उपजतांच नासतात. फूल बाहेरून सुंदर, परंतु कोश रिकामा!

परागांची वंध्यता सदाच निरुपयोगी ठरते, असें मात्र नाहीं. ज्वारीच्या एका कणसांत हजारों बारीक फुलें; त्या प्रत्येकांतले पुंकेसर हातानें खुडून शेतभर संकर घडविणें अशक्य. ज्यांत पराग पिकतच नाहींत अशा ज्वारीची माहिती अमेरिकेंत स्टीफन्स व हॉलंड यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केली, आणि त्याच युक्तीनें १९६४ सालीं भारतांतील पहिली संकरित ज्वारी, 'सी. एस. एच. १', शेतकऱ्यांच्या हातीं आली. उत्पन्न वाढलें, पण संकराचे गुण पुढच्या पिढींत जसेच्या तसे टिकत नाहींत. त्यामुळें अशा ज्वारीपुरती घरच्या कणगींतलें बी पेरण्याची जुनी सोय संपली, व दरसाल नवें बी विकत घेणें आलें.

कुक्षीवर पडलेला परागकण पुढें काय करतो, तें पुढील अंकीं पाहूं.