पाटी मराठी, खुर्ची कुणाची?



मुंबईच्या कंपन्या आता खाडी ओलांडून पनवेलात कचेऱ्या थाटू लागल्या आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते चिर्ले अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेल तालुक्यातल्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आणि शेटजींना एकाएकी साक्षात्कार झाला की पनवेल ही आपली 'शेजारची बाजारपेठ' आहे! बाजारपेठ म्हणे! १८५२ साली जिथे नगरपालिका झाली, १८७२ साली जिथे कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वरची आयुर्वेदिक औषधे काढली, ते पनवेल शेटजींच्या नकाशावर आत्ता उगवले.

येऊ देत की! कचेरीला कोण नको म्हणतो? धूतपापेश्वरनेही पुढे मुंबईत, गिरगावच्या खेतवाडीत, कचेरी केलीच. एका गावच्या धंद्याने शेजारच्या बाजारात दुकान मांडावे, यात पाप नाही. आमचा सवाल एवढाच आहे: जागा द्यायची ती कोणत्या अटीवर?

हा सवाल आजचा नव्हे. इंग्रज कंपनीने राजापुरात वखार घातली ती व्यापाराच्या नावाने. १६६० साली सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला, तेव्हा त्याच वखारीतले साहेब दारूगोळा घेऊन गडाखाली हजर! १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूर गाठले आणि वखारवाल्या रेव्हिंग्टन साहेबाला कैदेत टाकले. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात लिहून ठेवले की टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांना वखारीस जागा दिली तर समुद्रकिनारी देऊ नये, आत द्यावी, आणि पक्की इमारत बांधू देऊ नये. आजचा शेट तोफा घेऊन येत नाही, हे आम्हांलाही कळते. पण अमात्यांनी जागेआधी अट मांडली. आमचे राज्यकर्ते आधी जागा देतात, मग सवलत देतात, आणि अटीचे नाव काढले की म्हणतात, बघू.

अट नसली म्हणजे काय होते, हे तुम्हांला सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. पण बंधूंनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. गिरणी बंद पडली, कंपनी बंद पडली नाही! चाती थांबली, माग भंगारात गेले, भोंगा मुका झाला. पण फोर्टातल्या कचेरीतला पंखा फिरतच राहिला. त्या कचेरीला ठाऊक होते की सुतापेक्षा जमीन महाग आहे. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे उरले. म्हणजे जिथे शेड उभी होती ती जागा वाटणीतून सुटली! २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. परळ-लोअर परळात जिथे तुमच्या आईबापांनी पाळ्या केल्या, तिथे काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या.

आणि तुम्ही? घरासाठी पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. २०१६ साली सोडत निघाली ती २,४१७ घरांची. कुठे? पनवेलजवळच्या कोनला! चाव्या हाती पडेपर्यंत वर्षांवर वर्षे गेली. मध्ये २०२० साली त्याच घरांत करोनाचे रुग्ण ठेवले. कित्येकजण घर बघायच्या आतच गेले.

तेव्हा हिशेब असा झाला: कामगाराच्या जागेवर कचेरी बसली, कामगार गेला पनवेलला. आता ती कचेरीही पनवेलला येते आहे. या वेळी तरी दोघांची दारातच गाठ पडू दे!

अट घातली म्हणजे काय होते, तेही पाहा. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमाल मंडळाच्या दप्तरात नोंदला गेला, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. मग १९८१ साली मुंबईचा कांदा-बटाटा बाजार वाशीला हलला. मागोमाग इतर बाजार हलले, लोखंडाचा बाजार पनवेलच्या वेशीवर कळंबोलीला आला. व्यापारी खाडी ओलांडून गेला तसा साताऱ्या-सांगलीचा हमालही गेला, कारण त्याचे काम कायद्याने त्याला बांधलेले होते. माथाडींचे सगळे सोने झाले असे आम्ही म्हणत नाही. मजुरी बुडवणारे वाशीतही आहेत. पण बाजार हलला आणि हमाल मागे फुटपाथवर राहिला, असे झाले नाही. गिरणी कामगाराच्या बाबतीत नेमके तेच झाले.

आता या नव्या कचेऱ्यांत काय चालते, ऐका. आमचा पुतण्या कोनला राहतो, त्याचा बाप साचा खात्यात होता. पोरगा बी. कॉम. झालेला. पनवेलात नवी कचेरी उघडली म्हणून अर्ज घेऊन गेला. पाटी बघून त्याची छाती फुगली. ठसठशीत मराठी अक्षरे. आत गेला, मराठीत बोलला, तर टेबलामागच्या बाईंनी हात हलवला, "हिंदी में बोलिए." हिंदीत बोलला तर उत्तर मिळाले की भरती इथे होत नाही, हेड ऑफिसात होते, तिथे मेल टाका. कचेरी पनवेलला, गिऱ्हाईक पनवेलचे, भरती मात्र आकाशात! पोरगा घरी येऊन म्हणाला, "काका, आपल्याला फक्त विकत घ्यायला बोलावलंय."

ती पाटीसुद्धा कुणी प्रेमाने लावलेली नाही. २०२२ साली कायदा दुरुस्त झाला की प्रत्येक दुकान-आस्थापनेवर मराठी पाटी हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या अक्षरापेक्षा लहान नको. व्यापारी कोर्टात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, दोन महिन्यांत लावा. मग लागल्या! खुर्चीसाठी असा कायदा आहे का? नाही. सरकारी सवलत घेणाऱ्या उद्योगाने ८० टक्के कामगार आणि पर्यवेक्षक पदांवर ५० टक्के माणसे स्थानिक घ्यावीत, असा शासन-निर्णय आहे. निर्णय आहे, कायदा नव्हे. मोडला तर शेटजींच्या खिशातले काय जाते?

कुणी म्हणेल, हा प्रांतवाद झाला. वा! १९५५ सालीही हेच ऐकवले होते. मुंबई आमच्या भांडवलावर उभी, म्हणून मुंबई महाराष्ट्राला नको! २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनला गोळ्या झाडल्या. आंदोलन संपेपर्यंत शंभरावर हुतात्मे झाले, आणि त्यांत गिरणगावातली माणसे होती. तेव्हा आपण परप्रांतीय मजुराच्या पोटावर पाय दिला नव्हता. भांडण भांडवलाच्या मालकी हक्काशी होते. आजही तेच आहे. जन्माने कुठलाही असो, इथे राहून इथली भाषा शिकलेला आमचा आहे.

आणि ही जमीन फुकट आलेली नाही. १९८४ च्या जानेवारीत जासई-नवघरला जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उभे राहिले, गोळीबारात पाचजण पडले. त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. विमानतळासाठी दहा गावे उठली. त्या आगऱ्या-कोळ्यांचा पोरगा आणि कोनच्या गिरणी कामगाराचा पोरगा एकाच रांगेत उभा आहे. दोघांना एकमेकांविरुद्ध झुंजवायचा डाव होईल. त्याला फसू नका.

तेव्हा पनवेलात, कळंबोलीत, खारघरला नवी कचेरी उघडली की चार-पाचजण मिळून जा. दंगा नको, काच फोडू नका. व्यवस्थापकाला विचारा: किती जागा भरल्या? त्यांत या तालुक्यातले किती? गिरणी कामगारांचे वारस किती, प्रकल्पग्रस्त किती? भरतीची जाहिरात कोणत्या मराठी वर्तमानपत्रात दिली? सरकारची सवलत घेतली काय? सफाई आणि पहारा सोडून टेबलामागे मराठी माणूस कोण आहे, त्याला इकडे बोलवा. उत्तर तोंडी घेऊ नका. कागदावर घ्या, मराठीत, तारीख आणि शिक्क्यासकट, आणि त्याची एक प्रत युनियनच्या कचेरीत आणून द्या.